एकोणीस पोरी आणि विसावीच्या आईचा फोन

गेल्या अंकात जागा उरली म्हणून चिअरलीडिंगच्या स्टंट ग्रुपवर, म्हणजे एकीला वर उचलणाऱ्या चौघींच्या गटावर, चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्या. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम काढलीत, कारण पुणं छोटं आहे आणि चिअरवाल्यांचं पुणं तर त्याहून छोटं.

ताई, मी सिंहगड रोडला एका हॉलमध्ये मुलींची ऑल-स्टार टीम घेते, म्हणजे फक्त स्पर्धेसाठीची, लेव्हल २, खालून दुसरी पायरी. आत्ता १९ जणी आहेत, चार स्टंट ग्रुप बसतात आणि तिघी उरतात. आता अजून दोन मुलींच्या आया मागे लागल्यात, घ्या म्हणून. घेतल्या तर २१ होतील, मग पाच ग्रुप करता येतील आणि टीम मोठी दिसेल असं मला वाटतं. फीचा विचार पण आहेच, खोटं कशाला बोलू. पण माझी असिस्टंट म्हणते नको. काय करू?
— कोच, सिंहगड रोड

आधी असिस्टंटला चहा पाजा.

चाराचा पाढा सगळ्यांनाच येतो हो. दोन बेस म्हणजे खालून उचलणाऱ्या, एक बॅकस्पॉट, एक फ्लायर म्हणजे वर जाणारी. १६ ला चार ग्रुप, २० ला पाच, २४ ला सहा. त्यामुळे आपल्याला वाटतं विसावी पोरगी दारातून आत आली की पाचवा ग्रुप तयार. प्रत्यक्षात तुमच्याकडे उरलेल्या तिघी आणि नवीन दोघी मिळून पाच जणी होतात, आणि मला एवढंच सांगा, त्या पाचांत बॅकस्पॉट कोण? तुमच्या पत्रात मुली १९ की २१ हे दोनदा आलंय, बॅकस्पॉट हा शब्द एकदाही नाही. तिथेच मला उत्तर मिळालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बॅकस्पॉट म्हणजे मागे उभी असते ती. फ्लायर चढताना तिला मागून उचल देणारी, वर गेली की घोटे धरून खालच्या दोघींच्या हातावरचं वजन थोडं ओढून घेणारी, काउंट मोठ्याने म्हणणारी, आणि फ्लायर खाली येताना डोकं, मान, खांदे हे सगळ्यात आधी सांभाळणारी. उंच लागते, थंड डोक्याची लागते, आणि फ्लायरकडून नजर हलली नाही पाहिजे, समोर आई व्हिडिओ काढत असली तरी. माझ्या अनुभवात बेस दोनतीन महिन्यांत कामापुरती तयार होते, चांगल्या बॅकस्पॉटला मात्र अख्खा सीझन जातो आणि काही जणींना तर ते कधीच जमत नाही, त्यांचा दोष नसतो त्यात, स्वभावच वेगळा असतो.

मी स्वतः हा गाढवपणा केलाय म्हणून एवढं बोलते. १६ ची छान टीम होती माझी, चारही ग्रुप झोपेत सुद्धा स्टंट मारतील असे. चार मुली वाढल्या, मी लगेच पाचवा ग्रुप काढला आणि नवीन पोरींना आधार हवा म्हणून पहिल्या ग्रुपची बॅकस्पॉट उचलून तिकडे टाकली, मग पहिला ग्रुप डगमगायला लागला म्हणून तिसऱ्यातली बेस पहिल्यात, मग तिसरा गेला. एक भोक बुजवायला दुसरीकडची माती काढायची तसं झालं. स्पर्धेच्या दिवशी पाचपैकी दोन ग्रुप खाली आले, आणि जे दोन आले ते जुनेच, नवीन नाही! त्या चार नवीन पोरी बिचाऱ्या शेवटपर्यंत उभ्या राहिल्या.

आता स्कोअरशीटकडे या, कारण खरा हिशोब तिथे असतो. तिथे नुसती स्किल किती अवघड हे बघत नाहीत, ती स्किल एका वेळी किती ग्रुपनी केली हेही बघतात, आणि किती ग्रुपनी करायला हवी हे टीममध्ये मुली किती त्यावर ठरतं. त्याचे टप्पे असतात. त्यात एका ग्रुपमध्ये मोजलेली मुलगी धावत जाऊन दुसऱ्या ग्रुपमध्ये परत मोजली जात नाही. आकडे आयोजकागणिक आणि सीझनगणिक बदलतात, म्हणून तुम्ही जिथे उतरणार आहात तिथला यंदाचा तक्ता काढून भिंतीवर लावा, मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका.

समजा तुमच्या तक्त्यात १६ ते १९ हा एक टप्पा आहे आणि २० पासून पुढचा सुरू होतो. म्हणजे १९ वर तुम्ही टप्प्याच्या अगदी वरच्या टोकाला आहात, १६ वाल्या टीमकडून जेवढे ग्रुप मागतात तेवढेच तुमच्याकडून मागणार आणि तुमच्या हातात तीन मुली जास्तीच्या. इथे मजा आहे! विसावी आली की एक ग्रुप जास्त मागणार आणि हाताशी जास्तीची एकही नाही. वीजबिलाच्या स्लॅबसारखंच म्हणा ना, फक्त वीजबिलात निदान वरच्या युनिटांनाच जास्त दर लागतो, इथे एका मुलीपायी अख्खी टीम वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसते. आणि पाच ग्रुप उतरवून त्यातले चारच उभे राहिले तर डिफिकल्टीचे मार्क कमी, पडल्याचं डिडक्शन वेगळं, शिवाय एक्झिक्युशनमध्ये जज नाक मुरडणार ते वेगळंच.

टम्बलिंगलाही, म्हणजे कोलांट्यांनाही, हेच. किती जणींनी पास, म्हणजे कोलांट्यांची सलग ओळ, मारला ते एकूण संख्येच्या हिशोबात मोजतात. लेव्हल २ म्हणजे बॅक हँडस्प्रिंग, हातांवरून मागे उलटी उडी, आलं, तुमच्या १९ पैकी किती जणींना ते स्वच्छ येतं तुम्ही लिहिलं नाहीत, पण नवीन दोघींना येत नसेल तर त्या नुसत्या उभं राहून सुद्धा तुमचं प्रमाण खाली ओढणार आहेत. त्यांनी काही न करता!

म्हणजे त्या तीन जास्तीच्या मुली हा तुमचा प्रश्न नाहीये, ती तुमची शिल्लक आहे. एकीला सगळ्यात कच्च्या ग्रुपची फ्रंट स्पॉट करा. लेव्हल २ ला दोन पायांवरचं एक्स्टेंशन, म्हणजे बेसनी हात डोक्यावर सरळ करून फ्लायरला उभी धरणं, चालतं, ते करताना समोरून मनगटांना आधार देणारी एक जास्तीची असली की ग्रुप बघता बघता सुधारतो. दुसरी टम्बलर असेल तर स्टंट वर असतानाच तिचा पास पुढून काढा, सगळ्यांचे डोळे वर असतात आणि पुढून अचानक कोणीतरी उलटत जातं, छान दिसतं ते. तिसरीला पिरॅमिडमध्ये, म्हणजे वरच्या फ्लायर एकमेकींना धरतात त्यात, फिरती ठेवा. आणि तिघींनाही प्रत्येकी एका ग्रुपच्या सगळ्या जागा पाठ पाहिजेत. सगळ्या म्हणजे सगळ्या, फक्त हात कुठे ते नाही तर कितव्या काउंटला श्वास घ्यायचा तिथपर्यंत. याचं कारण शेवटच्या पत्रात कळेल.

अजून एक, जागेचं. स्पर्धेचा फ्लोअर ५४ फूट बाय ४२ फूट असतो, नऊ पट्ट्यांचा. तुम्ही हॉल म्हणालात, तो बॅडमिंटनचा असणार असं धरून चालते. एक कोर्ट ४४ बाय २०. दोन कोर्ट शेजारी शेजारी धरली तरी लांबीला दहा फूट कमी पडतात. त्यात चार ग्रुप दोन पुढे दोन मागे सुटसुटीत बसतात. पाच म्हटलं की तीन पुढे दोन मागे करावे लागणार, मागच्या दोन ग्रुपच्या फ्लायर पुढच्यांच्या मधल्या फटीतून दिसल्या पाहिजेत, आणि लहान जागेत प्रॅक्टिस करून मोठ्या फ्लोअरवर गेलात की पोरींना आपली जागाच सापडत नाही, सगळ्या मधे गोळा होतात. चुन्याने पट्ट्या आखायच्या भानगडीत पडू नका, हॉलवाले ओरडतात, रंगीत टेप लावा. आणि वर बघा वर! पंखे कुठे आहेत ते. एक्स्टेंशनमधल्या मुलीचे हात कुठपर्यंत जातात ते एकदा काठी उभी धरून मोजा. कुणा मंगल कार्यालयात प्रॅक्टिस चालते आणि पंखे तसेच फिरतायत असा व्हिडिओ मी पाहिलाय, अंगावर काटा आला.

मग कधी घ्यायच्या? नवीन दोघींपैकी एक उंच आणि शांत असेल तर तीन आठवडे पाचवा ग्रुप बाजूला प्रेपच्या, म्हणजे खांद्याच्या, उंचीवर चालवा, जुन्या चार ग्रुपमधली एकही मुलगी न हलवता. मग पाचही एकत्र दहा वेळा घ्या. आठ वेळा सगळे उभे राहिले तर बोलवा मला पेढे खायला. नाही राहिले तर दोघींना खालच्या टीममध्ये घ्या. ऑल-स्टारमध्ये पाच जणींची सुद्धा टीम चालते, त्यामुळे लेव्हल १ ची छोटी टीम काढायला काहीच हरकत नाही, तिथे त्यांना मधे उभं राहायला मिळेल आणि तुमची फीही येईल. आयांना मात्र खरं कारण सांगा. "सध्या जागा नाही" म्हणालात तर त्या दर सोमवारी फोन करतील.

माझी मुलगी तेरा वर्षांची, दोन वर्षं फ्लायर होती. यंदा उंची वाढली म्हणून कोचनी बेसला टाकलं. घरी येऊन रडते, म्हणते मी जाड झाले म्हणून मला खाली ठेवलं. नातेवाईक पण फोटो बघून विचारतात, हिचा चेहरा कुठे दिसत नाही यात. रात्रीचं जेवण पण कमी केलंय तिने. कोचशी बोलू का?
— एक आई, कोथरूड

बोला, आजच बोला, पण आधी जेवणाबद्दल. पोझिशनचं नंतर. वाढत्या वयात खेळणारी मुलगी जेवण टाकते ही गोष्ट कोचला कळलीच पाहिजे, आणि पुढच्या आठवडाभरात ताट परत पूर्ववत झालं नाही तर डॉक्टरांकडे घेऊन जा, वाट बघत बसू नका. कोणी कोच तिथे पोरींना सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करत असेल तर ते बंद करायला लावा. मी असं करणारे बघितलेत. त्या काट्याने एकही स्टंट सुधारलेला मी पाहिला नाही.

आता बेसचं. उंचीवरून खाली घेतलं असेल तर त्यात अपमान काही नाही, कारण आहे. दोन बेस एकाच उंचीच्या लागतात, एकीचा खांदा चार बोटं वर असला की वरच्या मुलीचा एक पाय वर एक खाली, मग ती तिरकी होणार, मग तिघी मिळून तिला सरळ करत बसणार आणि तोवर आठ काउंट संपले. तुमच्या मुलीची उंची बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी बेसशी जुळली असेल आणि कोचनी ते गणित बघून हलवलं असेल. चूक एवढीच की पोरीला बसवून सांगितलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीला कारण सांगितलं नाही की ती स्वतःच एक कारण शोधते, आणि ते नेहमी सगळ्यात वाईट असतं.

आणि वजनाचं म्हणाल तर फ्लायर होणं हे नुसतं हलकं असण्यावर नसतंच. सैल पडलेलं तीस किलोचं पोतं उचलून बघा आणि ताठ उभी असलेली चाळीस किलोची मुलगी उचलून बघा. पोतं जड लागतं. वर जी मुलगी कंबर, पोट, मांड्या घट्ट धरून खांबासारखी उभी राहते ती खालच्यांना हलकीच वाटते. तुमच्या मुलीने दोन वर्षं हे वरून केलंय म्हणजे खाली आल्यावर तिला पायाच्या तळव्याखाली हात कसा हवा असतो ते बाकी कुठल्याही बेसपेक्षा जास्त कळतं. मी तर टीम लावताना आधीची फ्लायर बेस म्हणून मिळाली की खूश होते.

कोचला तीन गोष्टी विचारा: हिची जोडी कोणाबरोबर आहे, ही मेन बेस आहे की साइड बेस, आणि हिला पुढे काय शिकवणार आहात. उत्तरं नीट आली तर निश्चिंत राहा. उत्तरात "बघू" आलं तर मात्र परत परत विचारा.

नातेवाईकांना समोरून काढलेले फोटो पाठवायचे बंद करा हो. बाजूने व्हिडिओ काढा. गुडघे वाकतात, पाठ सरळ राहते, पायांतून जोर येतो आणि एक मुलगी हवेत जाते, हे सगळं बाजूनेच दिसतं. मावश्यांना तो पाठवा.

आयपीएलमध्ये चौकार गेला की नाचतात त्यांच्यावर आपण पानंच्या पानं लिहिता. त्यात "स्ट्रॅटेजी" ती काय असणार? वर्गणीदार आहे म्हणून विचारतो.
— एक वाचक, सदाशिव पेठ

काका, वर्गणी वेळेवर भरता त्याबद्दल आभार.

आयपीएल २००८ ला आलं तेव्हा आपल्याकडे "चिअरलीडर" हा शब्द घरोघरी गेला आणि तिथेच अडकला. त्या सीमारेषेवर नाचतात, दुसऱ्याच्या खेळासाठी. ऑल-स्टारवाल्या कोणासाठीच चिअर करत नाहीत, त्या स्वतःच खेळाडू. शाळा-कॉलेजच्या टीमला पाठिंबा द्यायची जबाबदारी नाही, खासगी जिममध्ये तयारी करायची आणि अडीच मिनिटांच्या रूटीनमध्ये स्टंट, पिरॅमिड, टॉस, टम्बलिंग, जंप्स, डान्स सगळं बसवून मार्क मिळवायचे. आणि हे बायकांचं नाचणं वगैरे डोक्यात असेल तर, सुरुवात पुरुषांनी केलीये. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात २ नोव्हेंबर १८९८ ला जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने फुटबॉलच्या मॅचला पुढे येऊन गर्दीकडून घोषणा म्हणवून घेतल्या, तिथून हे सुरू झालं असं मानतात. बायका मैदानात आल्या त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता पण दिली. एवढं पुरे की अजून हवं?

ताई मी एकोणीस वर्षांचा, कसब्यात राहतो, गोविंदा पथकात दुसऱ्या थराला असतो. मित्राने एका चिअर जिमला नेलं, तिथे म्हणाले मुलं हवीच आहेत ये. माझा लहान भाऊ मल्लखांब करतो तो पण यायचं म्हणतोय. आम्हाला जमेल का, आणि दहीहंडीसारखंच असतं ना ते?
— गोविंदा, कसबा पेठ

जमेल. पण सारखं नसतं.

दहीहंडीत खाली माणसांचा समुद्र असतो, तळाला किती जण उभे राहिले याला फारसा हिशोब नाही, आणि एका थरावर दुसरा थर, दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरा. चिअरमध्ये खालच्या आणि मधल्या लेव्हलला नियमच असा आहे की वर गेलेल्या प्रत्येक फ्लायरचं मुख्य वजन जमिनीवर उभ्या असलेल्या बेसनीच घ्यायचं. म्हणजे तुझा दुसरा थर, की जो स्वतः कोणाच्या तरी खांद्यावर उभा राहून वरच्याला घेतो, तो इथे नाहीच. वरच्या फ्लायर एकमेकींचे हात धरतात, पाय धरतात, ते पिरॅमिड. उंची कमी पण वेग बघ, सगळं आठच्या काउंटवर, चढणं आणि उतरणं दोन्ही. दहीहंडीत थर उतरताना तुम्ही सावकाश उतरता, इथे फ्लायर सरळ खाली सोडतात आणि झेलतात, त्याला क्रेडल म्हणतात. तुझ्यासारख्याचा खरा फायदा तिथे आहे, कारण पथकातल्या पोरांची एक सवय असते, वरून कोणी यायला लागलं की हात आपोआप वर जातात. बाकीची माणसं आपोआप मागे सरकतात!

एक सावधगिरी. मुलगा आला, खांदे चांगले आहेत, की काही कोच लगेच त्याला एकट्याने फ्लायर उचलायला लावतात, कारण त्यांचं गणित सुटतं ना, दोन बेसचं काम एकाने केलं की त्याच २० माणसांत अजून एक ग्रुप निघतो. कागदावर फार गोड दिसतं ते. तू पहिलं वर्ष दोन बेसच्या ग्रुपमध्येच राहा, मनगटं तयार होऊ देत. घाई केली तर सांग की ताईंनी नाही म्हटलंय.

धाकट्याला घेऊन जा. मल्लखांबवाल्यांचं अंग बघून सगळे त्याला फ्लायर करायला धावतील, ताकद, लवचिकता, उलटं व्हायची भीती नाही, सगळं आहेच. फक्त त्याला आयुष्यभर धरायची सवय आहे, पायाने, मांडीने, बोटांनी लाकूड धरायची. फ्लायरने काहीच धरायचं नसतं. डोलायला लागला की तो खाली वाकून कोणाचं तरी डोकं पकडायला बघणार, आणि सगळा ग्रुप घेऊन पडणार. ही सवय मोडायला थोडे दिवस जातील, तोवर त्याला टम्बलिंगमध्ये चमकू दे.

आमच्या मुलीला तिच्या जिमने दोन्ही टीममध्ये घेतलंय, ज्युनियर आणि सीनियर. म्हणतात बॅकस्पॉट कमी आहेत. फी दोन्हीकडची, ड्रेस दोन, प्रॅक्टिस आठवड्यातून पाच दिवस, वडगाव शेरीहून जाऊन येऊन. हे बरोबर आहे का?
— बाबा, वडगाव शेरी

याला क्रॉसओव्हर म्हणतात आणि जगभर चालतं. किती क्रॉसओव्हर चालतील यावर स्पर्धेचे आपापले नियम असतात, ते जिमला विचारा आणि लेखी दाखवायला सांगा. पण तुमचा खरा प्रश्न पैशाचा दिसतो आणि माझं मत तुमच्याच बाजूने आहे. दुसऱ्या टीमला तुमच्या मुलीची गरज आहे, तुमच्या मुलीला दुसऱ्या टीमची नाही. तिच्याशिवाय त्यांचा एक ग्रुप बसतो, म्हणजे शब्दशः खाली बसून राहतो. तर दुसऱ्या टीमची फी माफ किंवा अर्धी, हे मागायला लाजू नका. आणि दोन टीम लागोपाठ फ्लोअरवर येणार असतील तर मधे किती वेळ मिळतो ते बघा, दमलेली बॅकस्पॉट ही मला दमलेल्या ड्रायव्हरइतकीच घाबरवते. पाच दिवसांचे चार होतात का ते पण विचारा. शाळा आहे की नाही तिला.

पुढच्या रविवारी स्पर्धा आहे आणि परवा एक बेस पडली, मनगट प्लास्टरमध्ये. आम्ही २० जणी, पाच ग्रुप, जास्तीची कोणीच नाही. सगळ्या रडतायत. काही सुचत नाहीये, प्लीज लवकर उत्तर द्या.
— कॅप्टन, कर्वेनगर

अंक छापून येईपर्यंत तुझा रविवार होऊन गेलेला असणार म्हणून तुला त्याच रात्री मेसेज केला होता. तोच इथे थोडा वाढवून देते, बाकीच्यांना उपयोग होईल.

सगळ्यात आधी, पडताना तिचं डोकं आपटलं का? तिला नाही, बघणाऱ्यांना विचार. डोकं आपटलं असेल, चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं काही असेल तर मनगटाच्या प्लास्टरवर समाधान मानायचं नाही, डॉक्टरांना ते वेगळं सांगायचं. आणि तिने झेललेली फ्लायर? तीही पडली असेल ना. तिला कोणी विचारलं का?

मग तक्ता काढ. तुम्ही आता १९ झालात. १९ वर तुमच्या तक्त्यात टप्पा बदलत असेल तर पाच ग्रुपची गरजच राहत नाही, चार चांगले उभे केले तरी काम होतं. पण डिव्हिजनसुद्धा संख्येवर ठरलेली असेल तर बदललेली संख्या आयोजकांना आधी कळवा, तिथे जाऊन गुपचूप कमी उतरलात तर उगाच लफडं.

ज्या ग्रुपमधली बेस गेली तो ग्रुप मोडायचा. पूर्ण. त्यातल्या उरलेल्या तिघी बाकीच्या चार ग्रुपना वाटून टाकायच्या, फ्रंट स्पॉट म्हणून, किंवा पुढे टम्बलिंगला. बाकीच्या चार ग्रुपमधली एकही मुलगी हलवायची नाही, कोणी कितीही गोड कल्पना काढली तरी. तुमच्या पत्रातलं "जास्तीची कोणीच नाही" वाचून मला सिंहगड रोडवाल्या कोचना फोन करून सांगावंसं वाटलं की बघा, म्हणून त्या जास्तीच्या मुली लागतात.

पिरॅमिडमध्ये भोक पडणार. मधलं असेल तर दोन बाजूंच्या फ्लायर जवळ आणून एकमेकींना जोडा, कडेचं असेल तर तो कोपरा सरळ सोडून द्या. एक लेव्हल वरची कुठली तरी स्किल घालून भरपाई करायची हे डोक्यात सुद्धा आणू नका, आठवड्यात शिकलेली स्किल शनिवारी जमते आणि रविवारी पडते. मंगळवारपर्यंत नुसतं चालत मार्किंग, म्हणजे स्टंट न मारता जागा घेणं, म्युझिक लावून, बुधवारी ग्रुप वेगवेगळे, गुरुवारी आणि शुक्रवारी दोन दोन फुल आउट, म्हणजे अख्खं रूटीन पूर्ण जोरात, शनिवारी एकही नाही. शनिवारी पोरी म्हणतीलच, ताई एकदाच करू ना, फक्त एकदा. नाही म्हणायचं.

प्लास्टरवालीला घरी ठेवू नका. तिला ड्रेस घालून घेऊन जा, पुढे बसवा, काउंट तिलाच ओरडू दे. (तिने ओरडला. तिच्या कॅप्टनचा सोमवारी मेसेज आला, चारही ग्रुप उभे राहिले, नंबर चौथा आला, आणि घसा बसलाय कोणाचा तर प्लास्टरवालीचा.)